बोरॉन आर्सेनाइड: हिशेब आधी, स्फटिक नंतर

घनाकृती (क्यूबिक) बोरॉन आर्सेनाइडची रचना १९५८ साली पेरी, लाप्लाका आणि पोस्ट यांनी प्रसिद्ध केली. जस्ताच्या सल्फाइडसारखी मांडणी, एकक घनाची बाजू सुमारे ४.७८ अँगस्ट्रॉम, प्रत्येक बोरॉनभोवती चार आर्सेनिक आणि प्रत्येक आर्सेनिकभोवती चार बोरॉन. त्यानंतर पन्नासेक वर्षे या अर्धवाहकाकडे फारसे कुणी वळले नाही. कारण उघड होते: चांगला स्फटिक मिळतच नव्हता.

अडचण मूलद्रव्यांतच आहे. बोरॉन वितळायला २००० अंश सेल्सियसहून अधिक तापमान लागते, तर आर्सेनिकची ६१५ अंशांच्या आसपासच वाफ होते. बरे, भट्टी तापवत न्यावी तर ९२० अंशांच्या सुमारास संयुग आर्सेनिक सोडते आणि मागे बी-१२-एएस-२ (बारा बोरॉनमागे दोन आर्सेनिक) हे वेगळ्याच, समांतरषट्फलकी रचनेचे संयुग उरते. त्यामुळे द्रवातून स्फटिक ओढून काढण्याची सिलिकॉनची पद्धत इथे बाद ठरते.

मग उरते बाष्पवहन, म्हणजे पदार्थ वाफेच्या रूपात नळीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे नेणे. क्वार्ट्झच्या नळीत बोरॉन, प्रमाणापेक्षा जास्त आर्सेनिक आणि थोडे आयोडीन घालून नळी निर्वात करून सील करतात. तापते टोक साधारण ८९० अंशांवर आणि थंड टोक ८०० अंशांवर ठेवतात. थंड टोकाला स्फटिक काही आठवड्यांत वाढतात, तेही मिलिमीटरभराचे. आर्सेनिक जास्त घ्यावे लागते, कारण ते कमी पडले की स्फटिकात आर्सेनिकच्या रिक्त जागा राहतात. पण फार घातले तर बाष्पदाबाने नळी फुटते, आणि आत विषारी आर्सेनिक असते. क्वार्ट्झमधून येणारे सिलिकॉन आणि बोरॉनसोबत येणारा कार्बन स्फटिकात शिरतात. हाती आलेला नमुना म्हणूनच बहुधा पी-प्रकारचा असतो, म्हणजे त्यात वीज मुख्यतः ‘होल’ (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) वाहून नेतात.

२०१३ मध्ये लिंडसे, ब्रॉइडो आणि राइनेके यांनी गणिताने दाखवले की याची उष्णतावाहकता हिऱ्याच्या तोडीची, २००० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असावी. अशा स्फटिकात उष्णता फोनॉन, म्हणजे अणूंच्या कंपनांचे पुंज, वाहून नेतात; ते एकमेकांवर जितके कमी आदळतील तितकी वाहकता जास्त. आर्सेनिकचा अणू बोरॉनच्या जवळपास सातपट जड असल्याने ध्वनी-फोनॉन (कमी ऊर्जेचे) आणि प्रकाश-फोनॉन (जास्त ऊर्जेचे) यांच्या ऊर्जांत मोठी फट पडते. दोन ध्वनी-फोनॉन मिळून एक प्रकाश-फोनॉन होण्याचा मार्गच बंद होतो. त्यात ध्वनी-फोनॉनांचे वेगवेगळे प्रकार (शाखा) ऊर्जेने एकमेकांजवळ येतात, म्हणून त्यांच्यातली टक्करही दुर्मीळ.

प्रत्यक्ष मोजमाप मात्र २०१५ मध्ये २०० च्या आसपासच अडकले. २०१७ मध्ये फेंग, लिंडसे आणि रुआन यांनी चार फोनॉनांची टक्करही हिशेबात धरली आणि भाकीत १४०० पर्यंत खाली आणले. तरीही २०० आणि १४०० यांतली दरी उरलीच. ती स्फटिकातल्या दोषांची होती, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले: तीन गटांच्या स्वच्छ स्फटिकांत ९०० ते १३०० अशी मूल्ये मिळाली. तांब्याची वाहकता सुमारे ४००, सिलिकॉनची १५०च्याही आत.

२०२२ मध्ये आणखी महत्त्वाची भर पडली. इलेक्ट्रॉन आणि होल दोन्ही मिळून चल्यता (विद्युत्‌क्षेत्रात ते किती सहज सरकतात याचे माप) १५०० ते १६०० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद मोजली गेली, तीही निवडक जागी. त्याच स्फटिकात शेजारच्या जागी ती बरीच कमी भरते.