पाप (ख्रिस्ती मत)

देवाने घालून दिलेला नैतिक नियम माणसाने समजून-उमजून मोडणे, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील पापाचा अर्थ. गोव्यातील कॅथलिक समाज त्याला 'पातक' म्हणतो.

हा नियम देवाच्या स्वभावातून येतो. देव पवित्र, न्यायी, सत्य आणि दयाळू आहे, आणि हे गुण त्याच्या असण्यापासून वेगळे काढता येत नाहीत, असे हे मत सांगते. त्यामुळे नियम देवाच्या लहरीवर अवलंबून नाही, आणि देवाहून वरचढ असा दुसरा कायदाही नाही. खोटे बोलणे वाईट, कारण देव सत्य आहे. एवढे ध्यानात घेतले नाही, तर उरलेली सारी शिकवण केवळ मनाई वाटू लागते.

नियमाचे लिखित रूप म्हणजे सीनाय पर्वतावर इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याला मिळालेल्या दहा आज्ञा. ज्यांना त्या मिळाल्या नाहीत, त्यांच्याही अंतःकरणावर नियम कोरलेला असतो, असे येशूचा प्रेषित पौल बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (2:15) म्हणतो. आज्ञांची मोजणी सर्वत्र सारखी नाही. कॅथलिक परंपरा मूर्तीविषयीची आज्ञा पहिलीत धरते आणि लोभाच्या दोन करते. म्हणून गोव्यात दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, घेणाऱ्या मुलाची सहावी आज्ञा व्यभिचाराची असते, तर अहिल्यानगरकडील (पूर्वीचे अहमदनगर) मराठी प्रॉटेस्टंट मंडळींची सहावी खुनाची.

पहिला माणूस आदाम याच्या अवज्ञेपासून मानवी स्वभाव जखमी झाला, हे मूळ पाप. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने 1546 मध्ये ही शिकवण नेमकी मांडली: बाप्तिस्म्याने, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेने, मूळ पाप धुतले जाते, वाईटाकडची ओढ मात्र राहते. माणूस स्वतः करतो त्या पापांपैकी प्राणघातक, म्हणजे देवाशी असलेले नाते तोडणाऱ्या, पापाला तीन गोष्टी लागतात: गंभीर कृत्य, पूर्ण जाणीव आणि मनाची मोकळी संमती. कर्मविपाकाच्या विचारात वाढलेल्या वाचकाला येथे मोठा फरक जाणवेल. जन्मामागून जन्म घेऊन फेडण्याची सोय या मतात नाही. एकच जन्म, आणि क्षमा ही देणगी.

गोव्यात ही शिकवण मराठी ओवीतून पोचली. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाचे) फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले. सृष्टी, आदामाचे पतन आणि मोशेच्या आज्ञा त्यांनी पुराणाच्या ढंगात, श्रोत्यांच्या शंकांना उत्तरे देत सांगितल्या. अवघड धर्मशास्त्र लोकांच्या कानाला रुचेल अशा भाषेत मांडण्याचे हे काम आजही थोर वाटते.

त्याच भूमीवर 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, चालले, ते मधल्या काही वर्षांच्या खंडानंतर 1812 मध्ये कायमचे संपले. नव्या ख्रिस्ती घरांतील जुन्या चालीरीती तेथे गुन्हा ठरल्या. 1736 च्या फर्मानाने अंगणातली तुळसही वर्ज्य केली. मोकळ्या संमतीवाचून प्राणघातक पाप नाही असे शिकवणाऱ्या चर्चच्या नावाने धाकाने मने वळवली गेली. ही विसंगती त्या शिकवणीच्याच कसोटीवर उभी राहत नाही.

पापाची कबुली, म्हणजे 'कुमसार', वर्षातून किमान एकदा द्यावी, असा दंडक 1215 च्या लॅटरन धर्मसभेचा आहे. गोव्यात ती विशेषतः करेझ्मात, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, दिली जाते. पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल तर क्षमा लागू होत नाही. चोरलेली वस्तू परत करण्याचे ओझे क्षमेनंतरही उतरत नाही. कुमसारात ऐकलेले पाद्री कोणालाही सांगू शकत नाही. सरळ गुपित फोडणारा पाद्री आपोआप बहिष्कृत होतो.