माती भुसभुशीत कोण करतं?

माती कशी असेल याचं उत्तर फार काळ दगडात शोधलं गेलं. खडक झिजतो, त्याची वाळू होते, चिकणमाती होते आणि कशाचं प्रमाण किती यावर पाणी मुरणार की साचणार हे ठरतं. हे खरंच आहे. पण वाळू-चिकणमातीचं तेच मिश्रण एके ठिकाणी रवाळ आणि दुसरीकडे विटेसारखं घट्ट का, याचा उलगडा एवढ्यानं होत नाही.

इंग्लंडमधले पाद्री आणि निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी 1777 मध्ये एका पत्रात गांडुळांची बाजू घेतली. शेतकरी आणि माळी तेव्हा गांडुळांचा तिरस्कार करत. व्हाइट यांचं म्हणणं उलट होतं: गांडुळं जमीन पोखरून सैल करतात, म्हणून तर पाऊस आणि मुळं आत शिरतात. पुढे साठ वर्षं या निरीक्षणाची कोणी मोजदाद केली नाही.

ती सुरू केली चार्ल्स डार्विन यांनी. त्यांचे मामा (आणि पुढे सासरे) जोसाया वेजवुड यांनी त्यांना आपल्या कुरणात काही वर्षांपूर्वी पसरलेला चुना दाखवला. तो आता गवताखाली काही इंच खोल गेला होता. चुना खाली बुडाला नव्हता. गांडुळांनी विष्ठेच्या रूपानं माती वर आणून टाकली होती. लंडनच्या भूविज्ञान सोसायटीपुढे डार्विन यांनी हे 1837 मध्ये मांडलं. मग 1842 मध्ये स्वतःच्या घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि 29 वर्षं थांबून चर खणला. पांढरा थर सात इंच खाली सापडला! इतक्या दुबळ्या जिवाला एवढं काम कसं झेपेल, अशी शंका मधल्या काळात घेतली गेली होती. 1881 च्या पुस्तकात त्यांनी आकडा दिला: इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी दरवर्षी एकरी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते.

डार्विन यांचा भर वर येणाऱ्या मातीवर होता. मला मात्र मागे राहणारी बिळं जास्त महत्त्वाची वाटतात. पाण्यात तरंगत राहणाऱ्या जिवांसाठी ‘प्लँक्टन’ हा शब्द पुढे रूढ करणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी 1877 मध्ये नेमकं तेच दाखवलं होतं: खालच्या घट्ट थरात मुळं उतरतात ती गांडुळांच्या जुन्या बिळांतून. त्याच सुमारास डेन्मार्कचे वनाधिकारी पी. ई. म्युलर जंगलातल्या मातीचे दोन प्रकार वेगळे काढत होते. एकात पालापाचोळा गांडुळांमुळे मातीत मिसळून रवाळ होतो. दुसऱ्यात तो बुरशीच्या जाळ्यानं बांधलेल्या गादीसारखा वरच पडून राहतो.

पोकळी कोण करतं हे कळलं, पण मातीचे कण एकमेकांना धरून कसे राहतात? ऑस्ट्रेलियात टिस्डॉल आणि ओड्स या मृदाशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये त्याचं नीट चित्र मांडलं. पाव मिलिमीटरहून लहान गोळ्या सेंद्रिय पदार्थांनी घट्ट चिकटलेल्या असतात आणि बऱ्याच काळ टिकतात. त्याहून मोठी ढेकळं बारीक मुळं आणि बुरशीचे तंतू जाळ्यासारखी बांधून ठेवतात. सतत नांगरट केली की हे धागे तुटतात, मोठी ढेकळं विरतात, लहान गोळ्या उरतात. मातीचा पोत, म्हणजे वाळू-चिकणमातीचं प्रमाण, तोच राहतो; घडण, म्हणजे कणांची बांधणी, बिघडते. 1996 मध्ये बुरशीशी संबंधित ‘ग्लोमालिन’ या चिकट पदार्थाचं नाव पुढे आलं आणि जिकडेतिकडे त्याचाच बोलबाला झाला. तो खरंच एकच पदार्थ आहे का, यावर पुढे शंका घेतल्या गेल्या.

1994 मध्ये जोन्स, लॉटन आणि शाचक या परिसंस्थेच्या अभ्यासकांनी भोवतालची जागाच बदलून टाकणाऱ्या अशा जिवांना ‘परिसंस्थेचे अभियंते’ म्हटलं. अभियंता म्हटलं की काम चांगलंच असणार, असं वाटतं. पण उत्तर अमेरिकेत जो भाग हिमयुगात बर्फाखाली होता, तिथल्या जंगलांत मूळची गांडुळं नव्हतीच. युरोपातून माणसांबरोबर आलेल्या गांडुळांनी तिथली पाचोळ्याची मऊ गादी खाऊन टाकली, आणि पूर्वी पायाखाली दबणारी तिथली जमीन उलट घट्ट झाली.