नकाशा मागवण्याआधी बांधावरून एक फेरी मारा
(द्राक्ष व ऊस उत्पादक ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

उपग्रहाच्या चित्रांवरून आम्ही तुमच्या पिकाचा नकाशा करून देतो; हिरवं पान कमी तिथे तो लाल दिसतो. "नकाशात लाल पट्टा दिसतोय, बाग तर टवटवीत आहे!" हंगामात सर्वाधिक फोन याच तक्रारीचे येतात. आम्ही तपासतो तेव्हा तो पट्टा बहुधा बागेतला नसतोच. शिवरस्त्याचा किंवा शेजारच्या पडीक तुकड्याचा निघतो. हद्द चुकीची आलेली असते.

घरी बसून व्हॉट्सॲपवर एक लोकेशन आणि सोबत सातबाऱ्याचा फोटो, एवढ्यावर हद्द ठरत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, आकार नसतो. एकाच गटात तीन भावांच्या वाटण्या असल्या तर तुमची कोणती, हे आम्ही कसं ओळखणार? मग फोनाफोनीत आठवडा जातो आणि फवारणीची वेळ टळते.

"सेंटिनेलची चित्रं फुकट असताना पैसे कशाचे?" हाही नेहमीचा प्रश्न. सेंटिनेल-२ हे युरोपचे उपग्रह. त्यांच्या चित्रातला सगळ्यात लहान ठिपका, म्हणजे एक चौकोन, १० मीटर बाय १० मीटरचा, जवळपास एक गुंठा. अर्ध्या एकरात असे वीसच बसतात आणि बांधालगतच्या चौकोनांत शेजारचं रान मिसळतं. सलग मोठा ऊस असेल तर तेवढं पुरतं. अशा ग्राहकांना आम्ही स्वतःच स्वस्त योजना सुचवतो. लहान बागांसाठी मात्र प्लॅनेट या खासगी कंपनीच्या 'डव्ह' उपग्रहांची चित्रं विकत घ्यावी लागतात. जेमतेम पाच किलोचे हे उपग्रह. फेब्रुवारी २०१७ मध्ये इस्रोच्या एकाच पीएसएलव्ही रॉकेटने श्रीहरिकोट्याहून असे ८८ सोडले होते. संख्या मोठी असल्याने चित्र जवळजवळ रोज मिळतं आणि चौकोन साधारण तीन मीटरचा असतो. त्याच अर्ध्या एकरात सव्वादोनशे चौकोन!

पण चित्र जितकं बारीक, तितकी हद्दीची चूक महागात पडते. द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ-दहा फूट अंतर धरलं, तर हद्द दहा मीटर सरकली की शेजाऱ्याच्या तीन ओळी तुमच्या अहवालात येतात.

म्हणून मोबाइल घेऊन बांधावरून चाला. प्रत्येक कोपऱ्यावर थांबा, मोबाइलवर दिसणारी जीपीएसची अचूकता पाच मीटरच्या आत येऊ द्या, मग खूण करा. झाडाखाली किंवा शेडजवळ खूण करू नका, तिथे जीपीएस भरकटतो. विहीर, शेततळं, शेड वेगळे दाखवा. जमत नसेल तर आमचा माणूस येईल. हंगामाची योजना घेणाऱ्यांना पहिली मोजणी मोफत आहे. दुसऱ्यांदा यावं लागलं तर पैसे घेतो, कारण त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं तरी काम मागे पडतं.

पावसाळ्यात ही चित्रं ढगाआडचं दाखवत नाहीत. त्या दिवशी अहवालात आम्ही 'ढग' एवढंच लिहितो, अंदाजाने रंग भरत नाही. छाटणीची तारीखही हद्दीसोबतच कळवा. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर पानच नसतं; तेव्हा नकाशा लाल दिसणारच, त्यासाठी औषध मारायची गरज नाही.