सळया बाहेर ठेवलेली गावं

धुळ्याहून शिरपूरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरं बघा. खालचा मजला बांधून झालेला, माणसं राहायला आलेली, आणि गच्चीवर गंजलेल्या सळया आकाशाकडे तोंड करून उभ्या. वरचा मजला कापसाला भाव येईल त्या वर्षी. आमच्याही गच्चीवर अशा सहा सळया आहेत. आई त्यांना दोरी बांधून गोधड्या वाळत घालते. व्हिडिओ गेमच्या धंद्यात या प्रकाराला 'अर्ली अ‍ॅक्सेस' म्हणतात. गेम अर्धवट असतानाच विकायला काढायचा, गिऱ्हाइकाने आत राहायला यायचं आणि त्याच्याच पैशावर वरचा मजला चढवायचा. हल्ली मध्ययुगीन गावं वसवायचे, लाकूड तोडून घर बांधायचे, थंडी-भुकेतून तगायचे बहुतेक गेम याच वाटेने येतात. ही वाट कशी पडली, ते थोडं मागे जाऊन पाहू.

अर्ली अ‍ॅक्सेस हे नाव रुळण्याच्या आधीच तुर्कस्तानात अंकारामध्ये यावुझ आडनावाचं एक जोडपं 'माउंट अँड ब्लेड' हा घोडेस्वार-सरदारांचा गेम कच्च्या अवस्थेत आपल्या वेबसाइटवर विकत होतं. हिशोब सरळ होता. आज घ्याल तर स्वस्त, काम जसं पुढे सरकेल तशी किंमत चढेल. पक्की आवृत्ती आली 2008 मध्ये. म्हणजे अर्धवट माल उघडपणे विकण्याच्या पहिल्या ठळक उदाहरणांपैकी एक मध्ययुगातलंच निघालं.

त्याच काळात स्वीडनमध्ये मार्कुस पेर्सन नावाचा तरुण 'वुर्म ऑनलाइन' या गेमवर काम करत होता. त्यात खेळाडू झाडं तोडत, जमीन सपाट करत, घरं आणि गावं उभी करत. पुढे त्यानेच 2009 च्या मे महिन्यात 'माइनक्राफ्ट' लोकांपुढे ठेवला आणि जूनपासून विकायला घेतला. तेव्हा त्यात फारसं काहीच नव्हतं. भूक लागणं ही आज इतकी साधी वाटणारी गोष्ट माइनक्राफ्टमध्ये आली सप्टेंबर 2011 मध्ये, म्हणजे लोक पैसे मोजायला लागल्यावर दोन वर्षांनी! 18 नोव्हेंबर 2011 ला पूर्ण आवृत्ती जाहीर झाली तोवर 40 लाखांच्या आसपास प्रती खपल्या होत्या. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने माइनक्राफ्टची कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. त्यानंतर कच्चा गेम विकणं ही लाजेची गोष्ट उरली नाही.

मधल्या काळात स्टीम या ऑनलाइन दुकानाने 20 मार्च 2013 ला अर्ली अ‍ॅक्सेस असा वेगळा गाळाच उघडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'रस्ट' आणि 'डेझी' हे जगण्या-तगण्याचे दोन गेम त्यात उतरले. रस्टला त्या गाळ्यातून पूर्ण होऊन बाहेर पडायला 2018 चा फेब्रुवारी लागला, डेझीला त्याच वर्षाचा डिसेंबर. आपल्याकडे एखाद्या पुलाचं काम चालतं तसंच म्हणा.

असल्या गेमनाच हा गाळा का मानवला? गोष्ट सांगणारा गेम अर्धा विकला तर रहस्य फुटतं आणि शेवट येतो तेव्हा कुणाला त्याचं काही नसतं. बांधकामाच्या गेमला शेवटच नाही. आज कुऱ्हाड आणि झोपडी द्या, सहा महिन्यांनी विहीर, पुढच्या वर्षी दगडी भिंत. खेळणारा तोवर रिकामा बसत नाही, त्याचं गाव वाढतच असतं. वर तोच सांगतो की पावसात छप्पर गळायला हवं, शेळ्या फार हळू वाढतात. बांधणाऱ्याला फुकटचा मुकादम मिळतो.

अर्थात सळया गंजून गेल्याचीही उदाहरणं आहेत. 'स्पेसबेस डीएफ-9' हा अंतराळातला गेम ऑक्टोबर 2013 मध्ये आला आणि जेमतेम वर्षभरात, ठरवलेल्या कितीतरी गोष्टी गाळून, 'पूर्ण झाला' म्हणून जाहीर केला गेला. लोक भडकले. 2014 च्या नोव्हेंबरात स्टीमने गेम बनवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले. पुढच्या कामाची ठोस वचनं देऊ नका, आणि विक्री कमी झाली तर काम थांबेल अशी स्थिती असेल तर इथे येऊच नका. 2015 च्या जूनमध्ये पैसे परत मिळण्याची सोय झाली. विकत घेऊन 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असलं पाहिजे. त्याच वर्षाच्या अखेरीस किमती रुपयांत दिसायला लागल्या. माझ्यासारख्याला त्या रुपयाच्या चिन्हाचं मोल जास्त होतं. त्याआधी डॉलरचा भाव, कुणाचं तरी कार्ड आणि त्या कुणाच्या तरी विनवण्या!

मध्ययुगीन बांधकामाची रांग लागली ती 2014 पासून. 'लाइफ इज फ्यूडल' त्याच वर्षाच्या सप्टेंबरात आला. फेब्रुवारी 2015 मध्ये प्रागच्या एका कंपनीचा 'मिडिएव्हल इंजिनियर्स' आला. त्यात किल्ल्याचा भार खरोखर मोजला जायचा. खालचा आधार काढला की वरची भिंत ढासळायची. हा गेम गाजला कमी, पण त्यातली कल्पना पुढे पोचली.

ती मी पाहिली 'वाल्हाइम'मध्ये. स्वीडनच्या शोव्हदे गावातल्या पाच जणांच्या चमूने 2 फेब्रुवारी 2021 ला तो बाजारात आणला आणि साधारण महिन्याभरात 50 लाख प्रती विकल्या. खानदेशात त्याचं पहिलं कौतुक वेगळंच होतं, ते म्हणजे त्याचा आकार. सगळा मिळून एक जीबीच्या आसपास! इतर मोठे गेम 60-70 जीबीचे, आणि दिवसाचा मोबाइल डेटा दीड जीबी. हा एका रात्रीत उतरला.

मी त्यात लांबलचक घर बांधत होतो तेव्हा आप्पा, म्हणजे माझे मोठे काका, मागे येऊन उभे राहिले. त्यांनी तरुणपणी धाब्याची घरं बांधताना हाताखाली काम केलेलं आहे. म्हणाले, "काय करी ऱ्हायना रे?" घर बांधतोय म्हटलं. थोडा वेळ बघून म्हणाले, "खांब लाव पहिले, नही ते धाबं पडी जाई." आणि खरंच, पुढची फळी लावली तशी ती तुटून खाली आली. वाल्हाइममध्ये हातोडा घेऊन लाकडावर नजर टाकली की रंग दिसतो. जमिनीला टेकलेलं निळं, आधारापासून लांब जाल तसं हिरवं, पिवळं, शेवटी लाल. लालच्या पुढे काही टिकत नाही. आप्पांना रंग लागले नाहीत. धाब्याच्या घराचं मापच मुळी खणात असतं. दोन आधारांमध्ये लाकूड पेलेल तेवढा एक खण. घर 'तीन खणांचं' की 'पाच खणांचं' हे सांगितलं की ऐपतही कळते. वर तुळया, त्यावर काटक्या, त्यावर गढीची पांढरी माती, आणि दर पावसाळ्याआधी तिची डागडुजी.

मग मी आत चूल पेटवली आणि माझा माणूस धुराने गुदमरायला लागला. त्या गेममध्ये बंद खोलीत धूर साठतो आणि जीव जातो. छपराला धूर जायला वाट ठेवावी लागते. धाब्यालाही झरोका ठेवतातच. आप्पा काही बोलले नाहीत, नुसतं वर बोट दाखवलं.

वाल्हाइमच्या जगाची आखणी बघितली की सळयांची आठवण येतेच. 2021 मध्ये नकाशावर धुक्याचा प्रदेश होता, दक्षिणेला राखेचा, उत्तरेला बर्फाचा. पण तिथे पोचलं तर करण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. जागा आखून ठेवलेली, मजला बाकी. धुक्याचा प्रदेश डिसेंबर 2022 मध्ये भरला, राखेचा मे 2024 मध्ये.

पोलंडने या प्रकारात जीव ओतला. वूच शहरातल्या 'रेंडर क्यूब'चा 'मिडिएव्हल डायनेस्टी' सप्टेंबर 2020 मध्ये आला आणि साधारण वर्षभरात पुराही झाला. असं क्वचितच घडतं. मग 26 एप्रिल 2024 ला 'मॅनर लॉर्ड्स' आला. ग्झेगोश स्तिचेन या माणसाने तो बराच काळ जवळजवळ एकट्याने उभा केला होता. पहिल्या दिवसात 10 लाख प्रती खपल्या. त्यात सुरुवातीला मिळतात पाच कुटुंबं आणि एक बैल. घराच्या मागे परस असतो, तिथे भाजी लावा नाहीतर कोंबड्या पाळा. शेताचा कस उतरतो, म्हणून पिकांची पाळी बदलावी लागते आणि एखादं शेत पडीक ठेवावं लागतं.

हे वाचून पांझरा नदीकाठच्या माणसाला फड आठवले नाहीत तर नवल. आपल्याकडे नदीला बंधारा घालून चारीने पाणी आणायचं, सगळ्यांची जमीन फडांत वाटायची आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ही पद्धत तीन-चार शतकं तरी चालत आली. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी पडलं तर एखादा फड त्या वर्षी कोरडा सोडायचा, आणि त्याचं दुखणं सगळ्यांनी वाटून घ्यायचं. युरोपातल्या त्या गेममध्ये मालक एकटा निर्णय घेतो; इथे भांडणं करत गाव घेतं. मला विचाराल तर गेमसाठी दुसरं जास्त रंगतदार. तापीकाठचं थाळनेरही तयारच आहे. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याची सुरुवातीची राजधानी, त्याचा संस्थापक मलिक राजा याची कबर अजून तिथे आहे, आणि 1601 मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंतचा दोनशे वर्षांचा काळ. पण आपल्या शाळकरी मुलांना लाकडी कुंपणाचं युरोपी खेडं तोंडपाठ असतं, धाब्याचा खण नाही. तसला गेम कुणी केलाच तर तोही बहुधा अर्धवटच विकायला येईल. मी घेईन.

अर्धवट गेमचा एक त्रास मात्र मुकाट सोसावा लागतो. मोठा बदल आला की जुनं गाव कधी कधी चालेनासं होतं, आणि सगळं पहिल्यापासून. गेल्या महिन्यात पुतण्याचं तसंच झालं. तो चिडत, पुटपुटत मॅनर लॉर्ड्स पुन्हा सुरू करून बसला. पाच कुटुंबं, थोडं धान्य, माळावर तो बैल. आप्पा चहाचा कप घेऊन आले, पडद्याकडे बघून म्हणाले, "बैल एकच शे का रे?"

"हो आप्पा, सुरुवातीला एकच देतात."

"मग नांगरणार कशाने? जोडी पाहिजे ना."