अडकलेली अक्कलदाढ: काढायची की ठेवायची?

फ्रान्समधल्या काप ब्लाँ इथे १९११ साली एका स्त्रीचा सांगाडा सापडला. तोंडात अक्कलदाढा दिसत नव्हत्या, म्हणून ती कोवळी मुलगी असावी असं कित्येक वर्षं मानलं गेलं. पुढे शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये तिचे एक्स-रे काढले, तेव्हा दाढा होत्या, पण जबड्यातच अडकलेल्या! बाई पंचविशी उलटलेली निघाली. सांगाडा किमान तेरा हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे दाढ अडकण्याचा दोष आजच्या मऊ अन्नाला देतात, पण सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. मात्र लहानपणापासून चिवट, कठीण खाणं चावलं की जबडा चांगला वाढतो आणि दातही झिजून मागे जागा होते, हेही खरं.

ॲरिस्टॉटलनं ऐंशीच्या पुढच्या बायकांना दाढ येताना झालेल्या वेदना नोंदवल्या आहेत. दाढ का दुखते, हे मात्र दिसायला एक्स-रे यावा लागला. १८९५ मध्ये रोन्टगेननं शोध लावला आणि काही आठवड्यांतच जर्मन दंतवैद्य ओटो वॉल्कहॉफनं दातांचं चित्र घेतलं. त्यासाठी पंचवीस मिनिटं हलायचं नाही! १९२६ मध्ये जॉर्ज विंटरनं दाढ कुठल्या बाजूला कलली आहे यावरून वर्गीकरण मांडलं. दंतवैद्य आजही ते वापरतात.

पुढे, दिसली अडकलेली की काढा, असा रिवाजच पडला. ज्याची दाढ अर्धवट वर येते त्याचा त्रास खराच असतो: हिरडीच्या झाकणाखाली अन्न साचतं, सूज येते, तोंडात दोन बोटंही जात नाहीत. पण ज्याला काहीच होत नाही त्याचं काय? उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००० मध्ये सांगितलं, की निरोगी अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. मला हा निर्णय योग्य वाटतो, पण एक अट घालूनच. पुढे कललेली दाढ शेजारच्या दाढेला टेकते, त्या फटीत ब्रश पोचत नाही आणि चांगली दाढ मागून किडते. म्हणून ठेवलेल्या दाढेची नियमित तपासणी हवीच.

काढायची ठरली, तर खालच्या जबड्यातली संवेदना वाहणारी नस सांभाळावी लागते. एक्स-रेमध्ये तिची वाट दोन बारीक पांढऱ्या रेषांसारखी दिसते. मुळाजवळ त्या रेषा पुसट झाल्या, तर मूळ नसेला चिकटून असण्याची शक्यता असते. मग त्रिमितीय स्कॅन करतात. नसेला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते. अशा वेळी काही सर्जन दाढेचा फक्त वरचा भाग कापतात आणि मुळं हाडातच राहू देतात.