शिवण बसते ती थंड होताना

कोट शिवणाऱ्या कारागिराच्या टेबलावर एक लाकडी ठोकळा असतो. वीतभराहून थोडा लांब, हातात नीट धरता येईल असा, कडा गोलसर केलेल्या आणि पॉलिशचा हातही न लावलेला. इंग्रज शिंपी त्याला क्लॅपर म्हणतात. सगळं श्रेय इस्त्रीला मिळतं. अर्धं काम हा ठोकळा करतो, त्याची दखल कुणी घेत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

लोकरीच्या कापडाला शिवण घातली की आतली माया, म्हणजे शिवणीपलीकडे राखलेलं जादा कापड, दोन्ही बाजूंना फाकवायची. इस्त्रीचं टोक त्यावरून फिरतं, ओल्या फडक्यातून वाफ उठते, माया मऊ होऊन आडवी पडते. घरी आपण इथेच थांबतो. कारागीर मात्र इस्त्री उचलताच तिथे ठोकळा ठेवतो, अंगाचा भार देतो आणि दहा-पंधरा सेकंद तसाच दाबून धरतो. मग शिवणीवरून बोट फिरवलं तरी उंचवटा जाणवत नाही.

लोकर केराटिन या प्रथिनाची बनलेली असते, सूत सेल्युलोजचं. दोन्हींमध्ये रेणूंच्या लांब साखळ्या शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. वाफेतलं पाणी मध्ये शिरलं की हे बंध सुटतात, साखळ्या सरकायला मोकळ्या होतात. कापड निवताना आणि सुकताना बंध पुन्हा जुळतात, पण आता नव्या जागी. म्हणजे कापडाचा आकार ठरतो तो गरम असताना नव्हे, निवताना. त्याच वेळी ते सुटं सोडलं, तर माया पुन्हा उभी राहते. घामाने भिजलेला सुती सदरा बसल्या जागी चुरगळतो, त्यामागेही हेच कारण आहे.

ठोकळा लाकडाचाच का? धातूवर वाफेचं पाणी साचलं असतं. कोरं लाकूड ती वाफ शोषून घेतं. शिवाय लाकडातून उष्णता लोखंडाच्या मानाने शेकडो पटींनी कमी वाहते, त्यामुळे कापड एकदम गार न पडता दाबाखाली सावकाश निवतं. पॉलिश केलं तर लाकडाची छिद्रंच बुजतील.

दुसरं साधन म्हणजे लाकडाचा भुसा ठासून भरलेली, अंडाकृती, टणक उशी. छातीचे टक्स, म्हणजे उठाव आणायला शिवलेल्या चिमट्या, किंवा बाहीचा गोलवा सपाट टेबलावर दाबला, तर शिवून आणलेला उठाव इस्त्रीखाली मोडतो. उशीवर तोच उठाव जपला जातो. विणलेल्या कापडातले उभे-आडवे धागे एकमेकांशी कोन बदलू शकतात, म्हणून ते कागदासारखं चुण्या न पडता वक्र पृष्ठावर बसतं. लोकर तर वाफेने थोडी आक्रसवताही येते. मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईपेक्षा, मोठी कापलेली बाही मुंढ्यात बसते ती त्यामुळेच. उशीची एक बाजू सुती असते, जास्त तापमानासाठी, आणि दुसरी लोकरीची.

मखमलीला मात्र दाब चालतच नाही, तिची लव झोपते. तिच्यासाठी बारीक तारा उभ्या रोवलेली पाटी असते. लव त्या तारांमध्ये शिरते आणि इस्त्री उलट्या बाजूने फिरते. पाटी नसेल, तर मखमलीचाच दुसरा तुकडा लवेला लव लावून खाली अंथरावा.

विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी 1882 मध्ये घेतलं. त्यानंतर इस्त्री हलकी झाली, तिला वाफ आली, तापमानाचं बटण आलं. ठोकळा आणि उशी मात्र आजही कोट शिवणाऱ्यांच्या टेबलावर जवळजवळ तशाच आहेत.