निळ्या टॉर्चखाली चमकली म्हणून हळद भेसळीची ठरत नाही

नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चचा उजेड हळदीवर पाडायचा, हिरवट-पिवळी चमक दिसली की केमिकल रंगाची भेसळ, असं सांगणारा व्हिडिओ सांगलीतल्या ग्रुपांवर अधूनमधून फिरतोच. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या हळदीची ही फुकटची बदनामी.

चमकतं ते हळदीतलं कर्क्युमिन. ते निळा-जांभळा प्रकाश शोषतं आणि हिरवट-पिवळा परत टाकतं. चिमूटभर हळद सॅनिटायझरच्या स्पिरिटमध्ये घोळवा, वरच्या निवळीवर टॉर्च मारा, झगमगेल. नुसत्या पाण्यात मात्र फिकी, कारण कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं.

खरी गंमत पुढे आहे. द्राक्षबागेत बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाला लागणारा मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, पाण्यात विरघळवून दोन थेंब त्या निवळीत टाका. चमक मंदावते. कर्क्युमिनच्या रेणूच्या मधोमध दोन ऑक्सिजन अणू शेजारी असतात. ते मोरचुदातल्या तांब्याच्या आयनाला (विद्युतभारित अणूला) चिमट्यासारखे पकडतात. बहुधा दोन रेणू समोरासमोरून एकच आयन धरतात. तांब्याच्या आयनात एक इलेक्ट्रॉन एकटा असतो, त्यामुळे शोषलेली ऊर्जा प्रकाश न होता उष्णतेत जिरते. जस्ताच्या आयनात तसा एकटा इलेक्ट्रॉन नाही, म्हणून तिथे चमक अशी विझत नाही.

म्हणजे धातू मिसळल्यावर चमक उलट कमीही होऊ शकते! लेड क्रोमेट या शिसं असलेल्या पिवळ्या रंगासारखी घातक भेसळ टॉर्चने ओळखता येत नाही. शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्या. आणि तपासलेली हळद भाजीत टाकू नका, मोरचूद विषारी आहे.